तीस दिवस, अठ्ठावीस भाग

रमजानला दोन दिवस

पाऊस समुद्राकडून आडवा येत होता, आणि सुब्हीकाकांच्या मोबाइलच्या दुकानात दोनच माणसं मावतात – काका आणि एक गिऱ्हाईक. मी तिसरी.

"आत या डॉक्टर, भिजाल." गिऱ्हाईक बाजूला सरकलं आणि स्वतः अर्धं पावसात गेलं. जॅकेटला ग्रीसचा वास.

"तुम्ही मला ओळखता?" इथे औषधं देणारीलाही डॉक्टरच म्हणतात.

"कोपऱ्यावरच्या फार्मसीत तुम्ही मला खोकल्याचं औषध दिलं नाहीत. म्हणालात, घरी जाऊन मध चाटा, उगाच खर्च कशाला."

"मग?"

"खोकला गेला. तक्रार करायची राहिली."

मला हसू आलं, पण मी कामाला आले होते. रमजानच्या मालिका, रोज एक भाग अशा तीस दिवस, टीव्हीवर फुकट दिसतात. फुकट मिळतं त्याला पैसे मोजू नयेत, हा माझा नियम. पण रमजानात चाळीस मिनिटांच्या भागात पन्नास मिनिटं जाहिराती असतात, आणि इफ्तारनंतर फार्मसी पुन्हा उघडायला मला तासभरच मिळतो. म्हणजे ॲपचं अकरा महिने सबस्क्रिप्शन घेणं मूर्खपणा, एक महिना शहाणपणा. मी हे काकांना सांगितलं.

"भाषण नको, बाळ," काका म्हणाले. "पॅकेज दोन पडद्यांचं आहे. तुला एक हवा, याला एक. अर्धं अर्धं घ्या. सगळी गल्ली असंच घेते, पासवर्ड माझ्याकडे."

"अनोळखी माणसाबरोबर?"

"हातेम अनोळखी? इथली प्रत्येक लिफ्ट याच्या जिवावर वर जाते. बाशमोहंदिस आहे आपला, इंजिनियरसाहेब!"

"आमची मध्येच थांबते."

"चौदा नंबर ना?" हातेम म्हणाला. "शेजारणीशी बोलताना तुमच्या आई दारात चप्पल अडकवून ठेवतात. म्हणून थांबते."

हे खरं होतं. मी अर्धे पैसे दिले.

रोजा ३

मालिका उघडली की आधी दोन चौकोन दिसतात. कोण बघतंय? एकावर *इनास*. दुसऱ्यावर *लिफ्ट*.

आज दुसऱ्यावर होतं: *सफियाचा नवरा चोर*

मी तिसरा भाग अजून पाहिला नव्हता! मालिकेतल्या सफियाचा नवरा खरंच चोर निघाला तेव्हा आई "हाय हाय" करत होती आणि मी रागाने रिमोट दाबत होते. चौकोनावरचं नाव बदलता येतं. फक्त वीस अक्षरं मावतात.

*इनास* पुसून मी लिहिलं: *पुढचं सांगायचं नाही*

रोजा ४

*चुकलो. काय सांगू मग?*

रोजा ५ आणि ६

याला मी उत्तर दिलं नाही. चौकोन तसाच ठेवला. मग सहाव्या दिवशी इफ्तारच्या आधी, डाळीचं सूप ढवळता ढवळता, मी एका हाताने लिहिलं –

*(इथे जाहिरात. तुम्ही फुकट वाचताय, थोडं सोसा. समुद्र दिसणारा फ्लॅट, नऊ वर्षांचे हप्ते, बाल्कनीत गोरं कुटुंब कारण नसताना नाचतंय. संपली.)*

– *खोकला आहे का परत?*

रोजा ७ ते १६

*नाही. मध चालू आहे.*

*जेवलात काय?*

*मोलोखिया. आईची.*

*नशीबवान.*

*आज ९ जण अडकले*

*लिफ्टमध्ये? अरे देवा*

*८ वाचले. १ चिडलाय.*

"हे नाव सारखं का बदलतंय गं?" आईने विचारलं. "त्याला ताप आलाय का?"

"तांत्रिक आहे, आई."

"तुझं तोंडही तांत्रिक लाल झालंय."

रोजा १७

तो फार्मसीत आला. केबलने बोट कापलं होतं. मी काउंटरवर त्याचा हात उताणा धरला आणि आयोडीन लावलं. तळहात कडक होता.

"दुखतंय?"

"नाही."

"मग बोला काहीतरी. चौकोनात तर फार बोलता."

"तिथे वीसच अक्षरं असतात, डॉक्टर. इथे इतकी मोकळी जागा आहे की कुठून सुरू करावं कळत नाही."

पट्टी बांधून झाली होती. मी आणखी एक वेढा दिला. मागे उभ्या बाईने ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची चिठ्ठी काउंटरवर आपटली.

रोजा २८, दुपार

फार्मसीत, फोनच्या पडद्यावर: *आपली मुदत आज संपत आहे.*

तीस दिवसांचं पॅकेज. आम्ही उत्साहाने दोन दिवस आधी घेतलं, कारण रमजान लागला की काकांकडे रांग लागते. सगळ्या गल्लीने दरवर्षीसारखी तीच चूक केली. शेवटचे दोन भाग उरले आणि मुदत संपली.

दोन भागांसाठी आणखी एक महिना घ्यायचा? नाही. उत्तर सोपं होतं, बरोबर होतं, आणि मला ते नको होतं. कारण उद्या दोन्ही चौकोन जाणार. त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. त्याने मागितला नव्हता, आणि आमच्या गल्लीत मुलगी आपणहून नंबर देत नाही. ईदनंतर मी त्याला कुठे लिहिणार? लिफ्ट मुद्दाम बिघडवू?

त्याचा चौकोन पाहिला. लिहिलं होतं: *काकांकडे जातोय*

मी पांढरा कोट न काढताच निघाले.

"पूर्ण महिन्याचं द्या, काका," हातेम म्हणत होता. "दोन्ही पडदे. सगळे पैसे माझे."

"देऊ नका," मी दारातून म्हणाले.

दोघं वळले.

"दोन भागांसाठी महिना घेणार? टीव्हीवर फुकट दिसतात."

"दीड तास लागतो, डॉक्टर. पन्नास मिनिटं नुसत्या जाहिराती. तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"मग त्या पन्नास मिनिटांत करायचं काय?"

"बोलायचं." मी दारातून आत सरकले. "आमच्या घरी. उद्या इफ्तारला या. आणि येताना… तुमच्या आईंना घेऊन या."

काकांनी हातातलं सिमकार्ड हळूच खाली ठेवलं. आईला घेऊन ये म्हणजे काय, हे या शहरात शेंबड्या पोरालाही समजतं. हातेमलाही समजलं. कान लाल होईपर्यंत समजलं.

"उद्या?" तो म्हणाला. "आई केस रंगवल्याशिवाय येणार नाही."

"मग पळा," काका म्हणाले. "पार्लरमध्ये ईदची गर्दी आहे."

रोजा २९

एकोणतिसाव्याची संध्याकाळ मी फार्मसीच्या मालकीणबाई, नबीला मॅडम यांच्याकडून मागून घेतली. बदल्यात ईदच्या दिवशीची सकाळची पाळी माझी. म्हणजे जे फुकट होतं त्यासाठी मी ईद दिली. माझ्या नियमाने हे ऐकलं असतं तर तो हसला असता.

त्याच्या आईने क्रीमचा कुनाफा आणला होता आणि केस वांग्याच्या रंगाचे केले होते. दोन्ही आया सोफ्यावर खेटून बसल्या.

"हा नवरा पहिल्या दिवसापासून मला खटकत होता," माझी आई म्हणाली.

"माझाही असाच होता. देव त्याला क्षमा करो."

"चोर?"

"नाही हो. मिशीवाला!"

अकरा मिनिटं मालिका झाली आणि साबणाची जाहिरात लागली. तशी माझी आई उठली. "चहाचं बघते." त्याची आई पण उठली. "मी साखर बघते." दार त्यांनी अर्धं उघडं ठेवलं. रीतीप्रमाणे.

साबण गेला, फ्लॅट आला.

"एक कबूल करू?" हातेम म्हणाला. "मला मालिका अजिबात आवडत नाहीत."

"काय?"

"आईसाठी घेतलं होतं. नवरा चोर आहे हेही तिनेच सांगितलं. त्यानंतर मी फक्त तुमचा चौकोन वाचायला उघडायचो. वाचायचो आणि बंद करायचो."

"अठ्ठावीस दिवस? न बघता पैसे भरलेत?"

"वसूल झाले," तो म्हणाला. मग बांधलेल्या बोटाकडे बघत, हळूच – "मला तुम्ही आवडता, इनास. मालिका संपली तरी."

मी कुनाफ्याचा तुकडा कापला, त्याच्या ताटलीत ठेवला.

"तुम्ही काय? तू म्हण," मी म्हणाले. "मलाही आवडतोस. खा आता."

फ्लॅट संपला. सफिया पडद्यावर परत आली, रडत, हातात पत्र. आतून चमच्यांचा आवाज येत होता, कुजबुज येत होती. सुरू झालं की हाक मार, असं आई मला बजावून गेली होती.

मी रिमोट उचलला आणि आवाज कमी केला. स्वयंपाकघरात ऐकू जाणार नाही, इतका.