खुंटीवरची हॅट

इंग्लंडमधल्या बाथ शहराच्या वाचनालयात कादंबरीचा तिसरा खंड हाती लागायला नशीबच लागतं. लव्हिनिया थॉर्प तीन आठवडे खेटे घालत होती. आणि आज तो खंड पावसात भिजून आलेल्या एका उंच गृहस्थाच्या काखेत होता!

"पहिले दोन वाचलेत तुम्ही?" तिनं विचारलं.

"नाही. हाच एक शिल्लक होता."

"म्हणजे माणसं कोण, भांडण कशाचं, काही ठाऊक नसताना थेट लग्नालाच जाणार?"

तो मनापासून हसला. "मग पहिले दोन तुम्हीच सांगा ना..."

सांगता सांगता तीन मंगळवार गेले. त्याचं नाव एडविन प्रॅट. पूल बांधायचा, त्यामुळे राहणं तंबूत आणि ऊठबस मजुरांत. बोलणं साधं, पण तिच्या प्रत्येक कोटीला आधी त्याचे डोळे हसायचे. तिला ते डोळे फार आवडायला लागले होते.

तिसऱ्या मंगळवारी ती मध्येच थांबली. "मावशीनं माझ्यासाठी पाद्रीबुवा पाहिलेत. मिस्टर पिलबीम. बिजवर, चार मुलं. गुरुवारी उत्तर द्यायचंय."

"आणि... तुमचं उत्तर?"

"दुसऱ्या कुणी विचारलंच नाही, तर—"

बुधवारी तीनच्या ठोक्याला एडविन मावशीच्या दिवाणखान्यात हजर झाला. पहिली भेट पाव तासाची, हा इथला रिवाज. त्यातली दहा मिनिटं हा बाबा पावसावरच बोलला. लव्हिनियाचा जीव टांगणीला लागला.

"तुमच्या पुलावरून कुणी पलीकडे जातं का हो, मिस्टर प्रॅट?" ती शेवटी म्हणाली. "की सगळे काठावर उभे राहून हवापाण्याच्याच गप्पा मारतात?"

तो कानापर्यंत लाल झाला आणि चक्क उठला. "येतो मी."

मावशींची नजर अधू. तो उठल्यावर त्यांनी चष्मा डोळ्यांना लावला. "तुमची हॅट कुठंय?"

"बाहेर... खुंटीवर."

मावशींना भोवळच यायची बाकी राहिली. पाहुण्यानं हॅट हातात धरून बसायचं असतं. ती खुंटीला अडकवतो घरचा माणूस, नाहीतर ठरलेला जावई. "अहो, दार उघडणाऱ्या मोलकरणीनं पाहिली असणार! संध्याकाळपर्यंत गावभर होईल!"

"माफ करा, मला खरंच ठाऊक नव्हतं. आत्ता घेऊन येतो."

तो वळला, तर वाटेत लव्हिनिया उभी. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कोटी सुचत नव्हती.

"राहू दे ना तिथंच," ती हळूच म्हणाली. "म्हणजे... तुमची हरकत नसेल तर."

एडविन तिच्याकडे बघतच राहिला. "रोज अडकवली तर चालेल? जन्मभर?"

तिनं त्याचा हात धरला आणि मान डोलावली. डोळे भरून आले होते.

मावशी मटकन खुर्चीत बसल्या. "अगं, आता त्या पिलबीमना मी काय सांगू?"

"तू नको, मीच सांगते," लव्हिनिया म्हणाली. पण एडविनचा हात मात्र तिनं सोडला नाही.