चहाले या

बंगईवर नका बसू, इकडे खुर्चीवर बसा. सांगते का ते.

मे महिन्यातली गोष्ट. नालवाडीच्या आमच्या याच घरात, याच ओसरीत, मी बंगईवर झोके घेत चवळीच्या शेंगा मोडत होते. समोर डब्याला मोबाइल टेकवलेला आणि त्यात माझी मुलगी, काजल. ती अमेरिकेत नोकरी करते. सुट्टी होती म्हणून एकटीच दक्षिणेकडे, लुईझियानातली जुनी गावं बघायला गेली होती. तिथे काजुन लोक राहतात. फार पूर्वी आलेल्या फ्रेंच लोकांचे वंशज.

"मी काजल, हे काजुन. सोयरेच निंघाले आपले, आई!" ती हसत होती.

दिवसभरातले फोटो तिने आधीच पाठवले होते. विटांच्या खांबांवर उचललेली लाकडी घरं, पुढे लांबच लांब ओसरी. एका दुकानात कुणी छातीशी धरून पेटीसारखं वाद्य वाजवत होतं आणि म्हातारी माणसं जोडीने नाचत होती. गावाला लागूनच संथ, काळं पाणी. त्यावर वाकलेल्या झाडांवरून राखाडी जटा लोंबत होत्या. एवढं सोडलं तर गाव मला आवडलं होतं.

आमच्याकडे सकाळ, तिकडे रात्र. भाड्याने घेतलेल्या तशाच एका जुन्या घराच्या ओसरीत ती बसली होती. तिच्या मागे झुलत्या खुर्चीत एक म्हातारी बाई होती. पांढरी टोपी हनुवटीखाली बांधलेली. हळूहळू झुलत होती.

मी हात जोडले. "घरमालकीण काय वं?"

"कोन? मालकीण चाबी देऊन तिच्या गावाले गेली. मी एकटीच आहो."

"अवं, मांगं... खुर्चीवर..."

काजलने वळून पाहिलं. "रिकामी आहे. हवेनं हालून राह्यली. भेव नको दाखवू मले."

पण तिच्या कपाळावरची बट हलत नव्हती.

बाई उठली. तिच्या टोपीतून, बाहीतून पाणी ठिबकत होतं. ती काजलच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिच्या केसांतून बोटं फिरवू लागली.

"ओलं काय लागलं मानेले..." काजल म्हणाली. मग तिचा आवाज जड झाला. "आई, गाळाचा वास येऊन राह्यला... मी जरा पाण्यापाशी जाऊन येतो..."

"काजल! थांब! जाऊ नको!"

तिला ऐकू येत नव्हतं. मोबाइल तिच्या हातात लटकत असावा. मला अंधार दिसायचा, पायऱ्या दिसायच्या, आणि तिचं मनगट धरलेला तो पांढुरका हात. मग पाण्याचा आवाज. आधी घोट्याएवढ्या पाण्यातला, मग खोल...

मी इतक्या दुरून काय करणार होते? देवाचं नावसुद्धा आठवलं नाही. फाटकाशी कुणी दिसलं की आपण जे म्हणतो, तेच तोंडातून निघालं.

"या बाई... आमच्याकडे या. चहाले या. बसा इथं..."

मी बंगईवर बाजूला सरकले आणि हाताने जागा दाखवली.

बाईचा चेहरा मोबाइलवर वाकला. तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"आई?" काजल रडत होती. "मी पाण्यात काऊन उभी आहो?"

त्याच रात्री ती गाडी घेऊन शहरात परतली. सुखरूप.

ते ऐकून मी श्वास सोडला, आणि माझ्या शेजारी बंगई दबली. कुणी बसल्यावर दबते, तशी. बाहेर ऊन रणरणत होतं. ओसरीत गाळाचा वास.

तेव्हापासून वारा नसला तरी बंगई हलते. मी रोज तिच्यावर चहाचा कप ठेवते. त्या बाईला घालवायची हिंमत होत नाही. गेली तर कुणाकडे जाईल, मला माहीत आहे. आणि आपल्याकडे पाहुण्याला जा म्हणतच नाहीत. येजो म्हणतात.

काल काजलचा फोन आला. मी स्पीकर लावून इथेच बसले होते, या खुर्चीवर.

"आई, दिवाळीले घरी येतो," ती म्हणाली.

बंगईच्या कड्यांची करकर थांबली. कुणी कान देऊन ऐकतं ना... तशी.

तुम्ही आल्यापासून बघते आहे. बंगई अजून हललेली नाही.