आजोबांनी स्वतःसाठी केलेला क्रूस

दिवा राहू द्या, उगाच शूरपणा नको. आणि मध्येच कुणी फिदीफिदी हसलं तर मी उठून जाईन, आधीच सांगून ठेवतो. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या दोस्ताच्या बाबतीत घडलेली आहे. तो सुतार, मी पॉलिशवाला. वीस वर्षं जोडीनं काम केलंय आम्ही.

वर्कशॉप मुळात त्याच्या आजोबांचं. म्हातारा पक्का ख्रिस्ती. चर्चमधलं कुणीही गेलं की कबरीवरचा लाकडी क्रूस तोच करायचा. रंधा मारताना स्तोत्र गुणगुणायचा, काम संपलं की गुडघे टेकून गेलेल्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करायचा. मग जमिनीत जाणाऱ्या टोकावर पेन्सिलीनं दोन सालं लिहायचा, जन्माचं आणि मरणाचं. मध्ये एक रेघ.

स्वतःचा क्रूसही त्यानं आधीच करून खुंटीला टांगला होता. अस्सल सागवान. टोकाला लिहिलेलं, १९३८, रेघ, आणि पुढे कोरं. नातवाला म्हणायचा, "पुढचं साल तू भर आणि हाच माझ्या उशाशी लाव. बाकी काही मागत नाही बाबा." नातू हो म्हणाला. आईबाप लहानपणीच गेलेले, म्हाताऱ्यानंच त्याला वाढवलं होतं. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

म्हातारा गेला तेव्हा हा एका कपाटाच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेला. कबरीवर लोखंडी पाइपचा क्रूस ठोकला आणि म्हणाला, "खरा नंतर लावू." महिना गेला. कपाटाच्या दाराला दोन पट्ट्या कमी पडल्या, वखार बंद. आणि समोर खुंटीवर वीस वर्षं मुरलेलं लाकूड, वाकायचं नाही की तडकायचं नाही. सुताराची नजर ती! त्यानं क्रूस उतरवला, उभा चिरला आणि ते १९३८ रंध्यानं सफाचट केलं.

मी म्हटलं, "अरे, आजोबांचा ना तो?"

"आजोबा स्वर्गात सुखात आहेत. गिऱ्हाईक इथे माझ्या डोक्यावर बसलंय."

मी त्याला अडवलं नाही. माझंही चुकलंच. सकाळी पॉलिशला येतो म्हणालो आणि घरी गेलो.

तो मार्चमधला दुसरा शुक्रवार. रात्रीचे पावणेअकरा. सकाळी लावायच्या बिजागऱ्या त्याच्या घरीच राहिल्या होत्या, तेवढ्या ठेवून यायला तो निघाला. गल्लीत दिवे होते. वर्कशॉपच्या दाराला कुलूप, त्यानं स्वतः लावलेलं.

आतून रंध्याचा आवाज येत होता.

सर्र... सर्र... आणि गुणगुणणं. तेच स्तोत्र.

त्याला वाटलं, कानात वाजतंय. कुलूप काढलं. आवाज थांबला. आत कुणी नाही. पण टेबलाखाली भुसा नव्हता... लांब, ओल्या लाकडाची ताजी सालपटं होती. त्यानं वाकून हात लावला.

गरम.

बिजागऱ्या टेबलावर टाकून तो वळला. उजवा हात टेकला होता शिकंज्याशी, म्हणजे लाकूड घट्ट धरायच्या त्या लोखंडी जबड्याशी. जबडा बोटांवर मिटला. दांडा फिरत होता. दांड्यावर कुणाचा हात नव्हता.

एक फेरा.

दुसरा.

डाव्या हातानं त्यानं दांडा धरला, तो थांबेना. आणि मागून, अगदी कानाशी, म्हाताऱ्याचा आवाज. शांत.

"माझं साल कुठंय?"

...

"गुडघे टेक."

तिसरा फेरा. बोटं मोडल्याचं त्यानं ऐकलं. आधी ऐकलं, मग कळ आली. तो खाली बसला. लहानपणी प्रार्थनेला बोलावलं की खिडकीतून पळणारा हा माणूस, त्या रात्री आजोबांचं नाव घेऊन रडत रडत प्रार्थना करत होता.

दांडा उलटा फिरला.

मी सकाळी गेलो तर हा जमिनीवर, उजव्या हाताला फडकं, दोन बोटं वाकडी. कपाटाचं दार खोलून पट्ट्या जोडून क्रूस परत उभा केलेला, डाव्या हातानं. सांधे सगळे दिसत होते. दोघांनी नेला, पाइप उपटला, सालं लिहिली, कबरीशी रोवला. मीही गुडघे टेकले. हसू नका, तुम्हीही टेकले असते.

परत आलो तर त्या रिकाम्या खुंटीला दुसरा क्रूस. ओल्या लाकडाचा, हातानं रंधलेला. असलं लाकूड वर्कशॉपमध्ये नव्हतंच. टोकाला म्हाताऱ्याच्या अक्षरात १९८९, रेघ, पुढे कोरं.

१९८९ हे माझ्या दोस्ताचं जन्मसाल.

तेव्हापासून कुणी गेलं की तो हातातलं काम टाकून आधी क्रूस करतो, प्रार्थनेसकट. वाकड्या बोटांनी. एकदाच, गेल्या वर्षी, एका म्हातारीसाठी चर्चचे पाळक क्रूस सांगायला आले तेव्हा हा बोलून गेला, "उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पाहिलं. खुंटीवरच्या त्या क्रूसावर रेघेच्या पुढे एक आकडा उमटला होता. दोन.

अजून तीन जागा कोऱ्या आहेत.