केझायाने धरलेला दोर

दुपारी धक्क्यावर केझायाच्या अंगावर दोर कोणी फेकला, हे मी विचारत नाही. मला दिसलं. 'धर गं' म्हणून फेकलात, ती किंचाळून पळाली आणि तुम्ही तिघे पोट धरून हसलात. बारा वर्षांची पोर ती. बसा इथे. तो दिवा कमी करा, माझे डोळे चुरचुरतात. मी शाळेत दोन इयत्ता काढल्या, मला गोष्ट रंगवता येत नाही. घडलं तसं सांगतो. तिच्या आईने, ॲन्सेल्माने, हे मला त्या तेलाच्या पिंपावर बसून सांगितलं. एकदाच. पुन्हा मी विचारलं नाही.

तीन वर्षं झाली. डिसेंबरची अकरा तारीख, मंगळवार. ॲन्सेल्माला बेक्वे बेटावर बहिणीकडे केक पोचवायचा होता, काम एवढंच. बहिणीच्या मुलाचं नाव ठेवायचं होतं रविवारी. काळा केक, तीन मजली, वर्षभर रममध्ये भिजवलेल्या मनुकांचा. तो खोक्यात घालून तिने स्वतःच्या झोपायच्या फळीवर दोरीने बांधला होता, आणि स्वतः खाली झोपणार होती. नवऱ्याला, लेनॉक्सला, तिने सांगून ठेवलं होतं की बोट बुडाली तर आधी केक काढ, मग मला.

वादळाने घराचं छप्पर नेल्यापासून ती तिघं 'सिस्टर रोझ' या आपल्या बोटीवरच राहत. चूल बोटीवर, पोरीच्या वह्या बोटीवर, मिरचीचं रोप डब्यात लावलेलं तेही बोटीवर. लेनॉक्स कांदे, सिमेंट, गॅसच्या टाक्या या बेटावरून त्या बेटावर न्यायचा. केझाया तेव्हा नऊ वर्षांची. चालायच्या आधी तिला दोर झेलता यायचा.

सकाळी दहाला आपल्या विंडवर्डहून निघाले. वारा समोरून. दुपारी मोठ्या शिडाची खालची शिवण उसवली, पोर दोनदा ओकली, आणि चार वाजले तरी निम्मी वाटही झाली नव्हती. पुढे बोनिटो बेट होतं. झकास आडोसा, तळाला वाळू, मागे मात्र पाण्यातल्या खडकांचं खडप. ॲन्सेल्मा म्हणाली, रात्र इथे काढू, शिवण घालून टाकते. लेनॉक्स म्हणाला, नको, अंधारात पुढे जाऊ.

का, ते ती जाणून होती. म्हणजे तिला तसं वाटत होतं.

त्याच्याही तीन वर्षं आधी, याच तारखेच्या रात्री, तिथेच हडसन मेला होता. हडसन तुम्हाला आठवणार नाही, तुम्ही नाकं पुसत होतात तेव्हा. तो आणि लेनॉक्स दोघे माझ्याच हाताखाली दोर सांधायला शिकले, एका ताटात जेवले. त्या रात्री दोन्ही बोटी बोनिटोला शेजारी उभ्या होत्या. वावटळ आली. हडसनचा नांगर सुटला. त्याने लेनॉक्सकडे दोर फेकला, लेनॉक्सने झेलला, खुंटाला बांधला. आणि दोर तुटला. हडसनची बोट खडपावर गेली. त्याची बायको आणि पाच वर्षांचा मुलगा सकाळी सापडले, ज्या अवस्थेत सापडले ते मी तुम्हाला सांगत नाही. हडसन सापडलाच नाही. हे सगळं लेनॉक्सने सांगितलेलं. ॲन्सेल्मा त्या वेळी खाली पोरीला छातीशी धरून बसली होती, तिने नुसत्या किंकाळ्या ऐकल्या. चर्चमध्ये लेनॉक्स रडला तेव्हा मी त्याची पाठ थोपटली. गाढव मी.

तर लेनॉक्स बोनिटोला थांबेना. ॲन्सेल्माची जीभ तुम्हाला माहीत आहे.

"तीन वर्षं या बेटाला वळसा घालतोयस," ती म्हणाली. "त्या खडपात तुझी सासू बसलीय का?"

पोर हसली. लेनॉक्स हसला नाही. पोर पुन्हा ओकली, तेव्हा त्याने सुकाणू वळवलं.

त्याने दोन्ही नांगर टाकले, होती नव्हती तेवढी साखळी सोडली. त्या आडोशाला एक नांगर पुरतो. रात्री तळलेले मासे आणि पाव झाले, कोको झाला. केझाया केकवरची साखर चाटू दे म्हणून मागे लागली आणि धपाटा खाऊन पुढच्या फळीवर झोपली, छतातल्या झाकणाच्या खाली, झाकण उघडं टाकून, कारण उकडत होतं. लेनॉक्स वर नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला बसला. मांडीवर कोयता. तिने विचारलं, हे काय? तो म्हणाला, चोर असतात. ती म्हणाली, इथे चोरायला काय आहे, कांदे?

तो कठड्यावर एका जागी अंगठा घासत बसला होता. तिथे लाकडात एक खोल खाच होती, भेगा बुजवतात ती लांबी भरून पिवळा रंग दिलेली. कधीतरी नांगर पडला म्हणून त्याने तिला सांगितलं होतं.

बारीक चंद्र केव्हाच मावळला होता. ती झोपली.

दोन वाजून दहा मिनिटांनी तिला जाग आली. भिंतीवरचं घड्याळ तिला दिसत होतं. वारा पडला होता. पाणी बोटीला लागत नव्हतं. डोलकाठीवरची एकही दोरी वाजत नव्हती. डिसेंबरात असं होत नाही, हे तुम्हालाही कळतं.

बाहेरून हाक आली.

"दोर येतोय."

मोठी हाक नव्हती. दिवसभर वल्हवून दमलेल्या माणसाची असते तशी.

आपल्याकडे काय रीत आहे? फेकणारा म्हणतो, दोर येतोय. झेलणारा म्हणतो, धरला. मग फेकणारा 'सोड' म्हणेपर्यंत झेलणाऱ्याने सोडायचा नाही, हाताचं कातडं गेलं तरी. पहिल्या दिवशी मी तुम्हाला हेच शिकवलं, बाकी सगळं नंतर. ते इतकं अंगात मुरतं की माणूस झोपेतही उत्तर देतो. ॲन्सेल्मा मला म्हणाली, काका, माझ्याही ओठावर आलं होतं. मी तोंड उघडलं होतं.

पण पोरीने आधी म्हटलं. झोपेत. डोळे मिटलेले.

"धरला."

वर फळ्यांवर काहीतरी ओलं, जड आदळलं.

मग झाकणातून दोर आत आला. केशरी, तीन पिळांचा. पाणी गळत होतं. पोरीच्या मनगटाला त्याचा एक वेढा बसला, दुसरा बसला, कोपरापर्यंत गेला. आणि ताणला.

केझाया वर उचलली गेली. तिचं डोकं झाकणाच्या चौकटीवर आपटलं. ॲन्सेल्माने तिचे पाय धरले. दोघी मिळून वर ओढल्या गेल्या, केकचं खोकं तुटून खाली पडलं, ॲन्सेल्माचा गुडघा त्याच्यातून गेला. पोर आता जागी होती. ओरडत होती. पोरीच्या खांद्यात कट् झालं. तो आवाज ॲन्सेल्मा अजून ऐकते.

वर लेनॉक्स कोयता घेऊन दोरावर तुटून पडला होता. एक घाव. दोन. ठिणगी उडाली. दोराचा एक धागा तुटला नाही. तिसरा घाव घसरला आणि त्याच्याच नडगीत गेला, हाड पांढरं दिसलं. तो तसाच गुडघ्यावर बसून मारत राहिला. रक्ताने फळ्या निसरड्या झाल्या.

दोर कठड्यावरून बाहेर जात होता. त्या पिवळ्या खाचेतून. बरोब्बर त्या खाचेतून, तिच्या मापाचा असावा तसा. पुढे अंधार. अंधारात कोणी दिसत नव्हतं. दोर मात्र ताठ.

आणि बोट चालू लागली. वारा नाही. दोन नांगर तळाला. तरी चालू लागली. साखळी खालून दगडांवर खरडत होती. समोर खडपावर लाट फुटल्याचा आवाज... जवळ... आणखी जवळ.

लेनॉक्स बोलायला लागला. तिच्याशी नाही. अंधाराशी.

"मी कापला, हडसन. मीच कापला. माझा एक नांगर दोघांना पेलत नव्हता. तुझा हात कठड्यावर आला होता, मला दिसला होता. मला दिसला होता रे. मी घाव मारला तरी."

ॲन्सेल्माने खाचेकडे पाहिलं. दोराच्या जाडीची खाच... आणि शेजारी, उखडलेल्या लांबीखाली, आणखी तीन बारीक. तीन बोटांच्या रुंदीत.

त्या रात्री हडसनच्या बोटीवर मागे त्याचा पोरगा होता. पाच वर्षांचा.

केझायाचा हात निळा पडला होता. ती आता ओरडत नव्हती. छाती कठड्याला टेकली होती. आणखी हातभर... आणि ती बाहेर.

ॲन्सेल्माने नवऱ्याचे केस धरले. त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. ही बाई एरवी दहा वाक्यं बोलते. एक बोलली.

"मग आता तू धर."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने कोयता पाण्यात टाकला. पोरीच्या हातापुढे दोन्ही हातांनी दोर पकडला. मनगटाला एक वेढा घेतला.

"धरला," तो म्हणाला. "हडसन, मी धरला."

पोरीच्या हातावरचे वेढे सुटले. कातडं घेऊन सुटले, कोपरापासून मनगटापर्यंत. तिच्या हातावरचा तो चट्टा तुम्ही पाहिलाय आणि त्यालाही हसलाय.

लेनॉक्स एका झटक्यात गेला. आधी तोंडावर आपटला, दात फळीत राहिले. मग छाती कठड्याला लागली. फासळ्या मोडताना ऐकू आल्या. कठडा खाचेपाशी फुटला. तो गेला. पाणी फारसं उडालंही नाही.

तिने ढकललं का? विचारू नका. मी विचारलं नाही.

मग काही नाही.

खडप दोन बोटींच्या अंतरावर होतं. बोट थांबली होती. पोरीला मांडीवर घेऊन ती बसून राहिली. ती एकाच शब्दाची वाट बघत होती. 'सोड' म्हणेल. आता म्हणेल... दोर फेकणारा म्हणतोच.

पाच वाजले. उजाडलं. वारा परत आला, डोलकाठीवरच्या दोऱ्या वाजायला लागल्या. कोणी काही म्हणालं नाही.

सूर्य वर आल्यावर मेरो बेटाचे दोन कोळी आले. त्यांनी नांगर उचलायला घेतले. दोन्हींच्या साखळ्या मधेच तुटलेल्या. म्हणजे उरलेली रात्र बोट नांगरावर नव्हती. पुढच्या खुंटाला तो केशरी दोर बांधलेला होता, त्याच्यावर ती उभी होती. कोळ्यांनी दोर ओढून घेतला. वीस वाव लांब निघाला. शेवटाला काही नाही. लेनॉक्सही नाही, त्याच्या अंगावरची चिंधीही नाही.

त्यांनी पोरीला दवाखान्यात पोचवलं. खांदा बसवला. ॲन्सेल्माने बेक्वेला केक पाठवला नाही, निरोपही नाही. आठवड्याने ती माझ्याकडे आली, त्या पिंपावर बसली आणि पिशवीतून तो दोर काढला. म्हणाली, काका, बघ. तुला कळेल.

खुंटाकडच्या टोकापासून हातभर अंतरावर तो एकदा कापलेला होता. एका घावात, धारदार. आणि पुन्हा सांधलेला होता.

आता ऐका, कारण हे तुमच्या कामाचं आहे. सांधायचा म्हणजे दोन्ही टोकांचे तीन-तीन पीळ उकलून एकमेकांत विणायचे. उजेडात, टेबलावर, चांगल्या हाताला तास लागतो. पन्नास वर्षं मी हेच करतो. कोणी सांधला ते मी सांधा बघून सांगतो, माणसाचं अक्षर ओळखावं तसं.

खुंटाकडची बाजू लेनॉक्सची आहे. तो तिसरा पीळ नेहमी उलट्या अंगाने घालायचा. त्यासाठी मी त्याच्या बोटांवर फटके मारलेत, गेला नाही तो दोष.

दुसरी बाजू डावीकडून विणलेली आहे. हडसन उजव्या हाताचा होता. पण ठेवण त्याचीच, मी शिकवलेली, एक सोडून एक. फक्त प्रत्येक पीळ ओढून घट्ट करायला त्याला उजवी बोटं नव्हती. म्हणून त्याने काय केलं... पिळांवर दातांचे वण आहेत. सगळ्या पिळांवर.

एका सांध्यात दोघांचे हात.

तो बघा, मागच्या भिंतीवर, मोठ्या खिळ्याला. आल्या दिवशी तुमच्यातल्या एकाने त्याचा तुकडा मागितला होता, आणि मी त्याला शिव्या घातल्या होत्या. आता कळलं असेल. मी तो सळई घालून उकलायला बघितला. दोनदा. सळई वाकली.

आणि केझायाच्या अंगावर पुन्हा दोर फेकू नका. ती भित्री नाही. तिने 'धरला' म्हटलंय. आणि तिला अजून कोणी 'सोड' म्हटलेलं नाही.