घागर छाप बाईची संमती

मालवणच्या बाजारात जानकी नेरूरकर गेली होती ती मावशीसाठी गूळ आणायला, आणि तिथं भेटली ती स्वतःलाच!

दुकानाच्या फळीवर कोकम सरबताच्या बाटल्यांची रांग, आणि प्रत्येक बाटलीवर तीच... कमरेवर घागर, मान जराशी तिरकी, डाव्या गालावरचा तीळसुद्धा जागच्या जागी. वर ठळक अक्षरांत ‘घागर छाप’. आता मालवणात मावशीकडे राहायला आलेल्या वालावलच्या पोरीनं, तेही बासष्ट सालात, अशा वेळी काय करावं? जानकीनं एक बाटली उचलून गल्ल्यावर आपटली.

“ही कोण?”

गल्ल्यावरचा तरुण, परशुराम पेडणेकर, ताडकन उभा राहिला. एकदा बाटलीकडे, एकदा तिच्याकडे पाहून कानापर्यंत लाल झाला. सरबत त्याच्या घरचं, चित्र त्याच्या हातचं. वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या जत्रेत, तळ्याकाठी, त्यानं तिला पाहिलं होतं. एकदाच. पुढं लेबलासाठी चित्र काढायला बसला, तर हातातून दुसरा चेहराच उतरेना! हे सगळं त्यानं अडखळत, मान खाली घालून सांगितलं.

जानकीला राग आला. पण यायला हवा होता तेवढा आला नाही, हीच तर पंचाईत.

“माका आधी इचारूक नको?”

“इचारूक येवचाच होता... धीर नाय झालो.”

मग त्यानं खिशातला चुरगळलेला सरकारी लखोटा काढला. घाटावरचा कुणी व्यापारी हेच चित्र चिकटवून रंगीत साखरपाणी विकत होता, आणि लोक शिव्या घालत होते घागर छापाला. त्याला कोर्टात खेचायचं तर छापाची मुंबईच्या ट्रेडमार्क कचेरीत नोंद हवी. कचेरीनं विचारलं होतं, चित्रातली बाई हयात आहे काय? असल्यास तिची लेखी संमती जोडावी. वकील म्हणाला, काल्पनिक आहे म्हणून लिही आणि मोकळा हो. परशुरामाला काही ते जमलं नाही.

“तू आसस,” तो म्हणाला, “मगे नाय म्हणान कसा लिवू?”

जानकीनं बाटली उचलून जवळून पाहिली. मग तिनं विचारलं, मी संमती दिलीच नाही तर?

तर चेहरा जाईल, तो म्हणाला. निम्म्या गिऱ्हाइकांना वाचता येत नाही, चेहरा बघूनच बाटली उचलतात. तेव्हा धंदा पुन्हा पहिल्यापासून. एवढं बोलून त्या वेड्यानं ओलं फडकं घेतलं आणि खरोखरच लेबल खरवडायला लागला! जानकीनं त्याचं मनगट धरलं... आणि सोडायचं विसरली. हा माणूस आपल्याला आवडलाय, हे तिला तिथंच, भर बाजारात कळलं.

त्या महिन्यात मावशीच्या घरी गूळ फार लागला. रोजच संपायचा म्हणा ना! दुकानात सरबताचा पेला आधीच भरलेला असायचा, आणि तो रिकामा व्हायला उगाच वेळ लागायचा. मावशी, आनंदीबाई, काही दुधखुळी नव्हती. तिनं वालावलला जाऊन जानकीच्या वडलांच्या कानावर सगळं घातलं आणि होकार घेऊनच परत आली. परशुरामाला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

चैत्र सरत आला तेव्हा एका दुपारी त्यानं एकदाचा संमतीचा कागद तिच्यापुढे ठेवला. पेन दिलं.

“ह्यो कागद कधीपर्यंत धाडूचो?” जानकीनं विचारलं.

“जेठापर्यंत... कशाक?”

“मगे आता मी सही करूचंय नाय.”

त्याचा चेहरा उतरला. तिला हसू आवरेना, तरी मनात एक शंका होतीच. नाही म्हणाला तर?

“आता नेरूरकर म्हणान सही केलंय,” ती हळूच म्हणाली, “आणि वैशाखात नाव बदालला... तर हापिसवाले परत इचारतले, ही बाई खयची? त्यापेक्षा नव्या नावान करतंय. एकदाच.”

परशुरामानं कागदावरची सहीची रिकामी जागा पाहिली.

“खयच्या नावान?”

“तुझ्या, शाण्या.”

तिनं पेनाला टोपण लावलं आणि ते त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मुंबईच्या कचेरीला संमती पोचायला जेठ उजाडला. परशुरामाला ती त्या दुपारीच मिळाली.