काचघरातलं झाकण

गुरुवार, रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. सार्वजनिक काचघराचा मागचा दरवाजा. बाहेर हाडं गोठतील अशी थंडी, आत घाम फुटेल असा उबारा.

माझा साडू तिथे बॉयलर सांभाळायचा. तुम्ही पोरांनी त्याला लग्नकार्यात पाहिलंय. कोपऱ्यातली खुर्ची धरतो आणि विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही, तोच. हे त्याने मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. तो दिवा राहू दे बंद. आणि मध्ये कोणी उठायचं नाही.

त्या वेळी तो निघाला होता वायसर आणायला. काचघराच्या फरशीखालून गरम पाण्याचे नळ फिरतात. माणूस ओणवा होऊन चालेल एवढं भुयार आहे, आणि त्यात उतरायला मधल्या दालनात लोखंडी जाळीचं झाकण. झाकणाखालचा एक व्हॉल्व्ह गळायला लागला होता. हार्डवेअरचं दुकान साडेनऊला बंद होणार, म्हणून घाई.

दारात पानताई भेटली. खरं नाव कुठल्यातरी वहीत असेल, पण सगळे पानताईच म्हणायचे, कारण गेली अकरा वर्षं ती रोज संध्याकाळी येऊन ओल्या फडक्याने झाडांची पानं पुसायची. एकेक पान. टेलिफोन खात्यातून निवृत्त, एकटा जीव, वय एकाहत्तर, अंगावर हिरवा ॲप्रन, आणि जीभ अशी की मुख्य माळीसुद्धा वाट बदलायचा. साडूची बायको, म्हणजे माझी मेहुणी, दवाखान्यात होती तेव्हा पानताईने महिनाभर त्याला डबा पोचवला होता. त्याला ती सख्ख्या बहिणीच्या जागी होती. तितकाच तो तिला घाबरायचाही.

ती म्हणाली, "तू वायसर घेऊन ये. तोवर मी खाली बादली लावते. मुळाशी गरम पाणी गेलं तर नऊ वर्षांची मेहनत उकडून निघेल."

शिडी निसरडी आहे, उतरू नका, असं तो म्हणाला.

"तुझ्या आधीपासून उतरतेय मी. पळ."

तो पळाला.

आता मुळाशी म्हणजे कशाच्या, ते सांगतो. काचघरात ऋतूला एक असे वर्षाला चार कार्यक्रम व्हायचे, आणि थंडीतल्या कार्यक्रमाला त्या वर्षी एक फूल उमलणार होतं. माणसाहून उंच. नऊ वर्षांतून एकदा उमलतं आणि सडक्या मांसासारखं घाण मारतं, म्हणजे माशा येतात. पुस्तकात त्याचं नाव काही का असेना, कामगार त्याला 'मढं' म्हणायचे. "मढं उठलं का?" अशी रोज सकाळी चौकशी. शहरभर फलक लागले होते. माणसं पैसे मोजून घाण हुंगायला येणार होती, आणि सगळ्यांना त्याचं भारी कौतुक.

हे सगळं उभं होतं कोणाच्या जिवावर? मित्रमंडळाच्या. आसपासच्या वस्तीतली तीसेक माणसं, बरीचशी निवृत्त. फुकट राबणारी. पाच वर्षांपूर्वी ऐन थंडीत बॉयलर बसला, तेव्हा ह्याच लोकांनी घरातले हीटर, पांघरुणं, जुने कोट आणून तीन रात्री झाडं जगवली. पानताई तीन रात्री घरी गेली नव्हती. चौथ्या दिवशी व्यवस्थापकांनी पेपरात फोटो छापून आणला. स्वतःचा. त्यांना कामगार 'फीतसाहेब' म्हणायचे. फीत आणि कात्री दिसली की त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं.

साडू परतला तेव्हा दहाला दहा कमी होते. मढं उमललं होतं. दालनात पाऊल टाकवेना. मेलेला मासा, तुंबलेलं गटार, महिनाभर न धुतलेले मोजे... आणि त्या घाणीत सुटाबुटातले पाहुणे नाकाला रुमाल लावून हसत होते.

भुयाराचं झाकण लागलेलं होतं. वर कुलूप. तिथली एक रीत होती. खाली माणूस उतरला की झाकणाच्या कडीला फडकं बांधायचं. कडी मोकळी होती. म्हणजे ताई बादली लावून वर आली. त्याने एवढा साधा विचार केला. तरी वायसर बसवायचाच होता, म्हणून तो वाकला, तर फीतसाहेब धावत आले. आज झाकणाला हात लावायचा नाही, पाहुणे आहेत, उद्या बघू. किल्लीही त्यांनी काढून घेतली. त्यांच्यामागून दोन पोरं हिरवी गुंडाळी घेऊन आली आणि झाकणावर उलगडून गेली. प्लास्टिकचं गवत. हजारभर जिवंत झाडांच्या मधोमध, प्लास्टिकचं गवत.

त्या रात्री फरशीखाली ठकठक ऐकू आली. नळ गरम झाले की ठोके देतातच. साडूने लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी पानताई आली नाही. म्हणजे त्याला दिसली नाही. संध्याकाळी पावणेआठला एक शाळेच्या बाई वीसेक मुलं घेऊन आल्या. फुलाला वळसा घालून त्या सरळ प्लास्टिकच्या गवतापाशी आल्या आणि सगळी वरात तिथे ओणवी झाली. मुलं नाकं लावून हुंगायला लागली, ई-ई करून खिदळायला लागली. साडूने विचारलं, फूल तिकडे आहे, इथे काय?

बाई म्हणाल्या, "त्या आजी म्हणाल्या ना, इथे जरा वाकून बघा."

कुठल्या आजी?

"हिरव्या ॲप्रनवाल्या."

त्याचा जीव भांड्यात पडला. ताई आहे तर इथेच. वायसरला उशीर केला म्हणून रागावली असेल, तोंड दाखवत नसेल. त्याने ताडांच्या मागे, नेच्यांच्या दालनात, सगळीकडे डोकावून पाहिलं. नव्हती. पण पानं पुसलेली होती का, हे बघायचं त्याला सुचलं नाही... ते त्याला अजून खातं.

त्या रात्रीही ठकठक झाली. मग पहाटे थांबली.

शनिवारी सकाळी तो तिच्या घरी गेला. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, गुरुवारपासून आली नाही, मला वाटलं तुमच्या त्या फुलापाशीच मुक्काम आहे. तिथून तो पोलीस चौकीत गेला. तिथल्या हवालदाराने नातेवाईक कोण म्हणून विचारलं. साडूला सांगता येईना. हवालदार म्हणाला, मग लोकांनी काल तिला काचघरात पाहिलंय म्हणताय, तर हरवली कशी?

मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, भाचीकडे गेली असेल. फीतसाहेब म्हणाले, कार्यक्रम संपेपर्यंत तमाशा नको.

शनिवारी दुपारी फूल मान टाकून पडलं. मुख्य माळ्याने सांगितलं, संपलं, ह्याचा वास फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत टिकतो. पण रविवारी दार उघडलं, तर वास होता. पहिल्या रात्रीपेक्षा जास्त. आणि वेगळा. गोडसर. घशात जाऊन बसणारा. माळी दारातच थांबला, म्हणाला हा ह्या फुलाचा नाही, आणि मग साहेबांकडे बघून गप्प बसला. साहेबांना आनंदाने आभाळ ठेंगणं झालं होतं. चमत्कार म्हणाले. कार्यक्रम दोन दिवस वाढवला. रांग रस्त्यापर्यंत गेली.

आणि रांगेतला जो तो येऊन विचारायचा, ती वाकायची जागा कुठली? आजी म्हणाल्या, वाकून बघा...

तिने बघा म्हटलं होतं. त्यांनी हुंगलं.

शेवटी फीतसाहेबांनी तिथे दोर बांधला. बाण लावला. 'खास वास इथे घ्या.' मी सांगतोय ते नीट ऐका, पोरांनो. त्या माणसाने तिथे बाण लावला. लोक आपल्या लेकरांना कडेवरून उतरवून त्या गवताला नाक लावायला सांगत होते. एकमेकांचे फोटो काढत होते. एकीला ओकारी आली, तर तिचं टाळ्या वाजवून कौतुक झालं.

साडूने सांगून पाहिलं, खाली उंदीर मेलाय, झाकण उघडू द्या. मंगळवारनंतर, साहेब म्हणाले. वास गेला तर लोक कशाला येतील?

सोमवार. रात्रीचे साडेअकरा. लोक गेले होते. फूल गेलं, आता जास्तीचा उबारा नको, म्हणून साडूने संध्याकाळी सहालाच मधल्या दालनाचे नळ बंद केले होते. तो दिवे मालवत आला. एक, दोन, तीन. शेवटच्या दिव्यापाशी थांबला.

ठक... ठक...

नळ वाजतायत. तो पुढे निघाला. मग उभा राहिला.

नळ बंद आहेत.

त्याने नळाच्या उभ्या तुकड्याला हात लावला. थंडगार.

ठक.

पायांखाली.

तो गवतापाशी गेला. घाण अशी, की डोळ्यांतून पाणी. त्याने गवताचं टोक धरून ओढलं. ते सुटेना. खालून चिकटलं होतं. जोर लावला तसं ते चरचरत निघालं, आणि उलटी बाजू वर आली. ओली. वळवळणारी.

तिथेच तो ओकला.

मग जाळी. जाळीखाली अंधार. तो म्हणाला, "ताई?"

ठक... ठक...

"ताई, मी आलोय. वायसर आणलाय..."

ठोका थांबला.

मग बॉयलरचा मोठा पाना आणून त्याने कुलूप फोडलं.

बादली व्हॉल्व्हखाली बरोबर लावलेली होती. काठोकाठ भरलेली. ताई शिडीपासून चार हात आत होती, भिंतीशी, हातात शिडीची तुटलेली पायरी. बाकीचं मी सांगत नाही. तुम्ही अजून जेवायचे आहात.

फीतसाहेबांना फोन गेला. त्यांनी पहिलं काय विचारावं? उद्याच्या गर्दीचं काय करायचं.

डॉक्टरांनी लिहून दिलं. मांडीचं हाड मोडलेलं, डोक्याला मार. गुरुवारी रात्री पडली, शुक्रवारची रात्र सरेपर्यंत जिवंत होती. म्हणजे पहिल्या दोन रात्रींचे ठोके तिचेच होते. साडू ते ऐकत चहा पीत बसला होता. ते त्याच्या माथी, आणि तो ते नाकारतही नाही. सोमवारी रात्री कोण ठोकत होतं, ते डॉक्टरांच्या कागदात नाही.

शाळेच्या बाईंचा जबाबही आहे, सहीनिशी. शुक्रवार, पावणेआठ, हिरव्या ॲप्रनच्या आजी, जरा वाकून बघा. त्या वेळी ती खाली जिवंत होती. वर त्यांच्याशी कोण बोललं, ह्याच्यावर चौकशीवाल्यांनी एक ओळ लिहिली. 'साक्षीदारांचा गोंधळ झाला असावा.' बाई, मुलं आणि रांगेतली माणसं धरून एकेचाळीस साक्षीदारांचा एकच गोंधळ.

आणि कडीचं फडकं? ते सापडलं. पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांच्या चळतीमागे. धूळ पुसून काळं झालेलं. ताई उतरताना कडीला बांधून गेली होती. कोणीतरी ते सोडलं, पाहुण्यांची खुर्ची पुसली, आणि उघडं झाकण बरं दिसत नाही म्हणून पायाने लोटून कुलूप दाबलं. खाली एक हाक तरी मारायची. एक. ते कुलूप दाबलं की बसायचं, किल्ली लागत नव्हती, त्यामुळे कोणाचंही नाव घेता येत नाही म्हणे. दालनात तेव्हा नऊ माणसं होती. नऊच्या नऊ जणांनी नकारार्थी मान हलवली.

अहवाल आला. चौदा पानं. 'दुर्दैवी अपघात.' मी अथपासून इतिपर्यंत वाचलाय. त्यात फडकं नाही, कुलूप नाही, बाण तर नाहीच. मित्रमंडळाने पत्रं लिहून लिहून शेवटी काम सोडलं. तीसच्या तीस माणसांनी. आता पानं पुसायला कंत्राटी पोरं आहेत, ती पाण्याचा फवारा मारून मोकळी होतात. साहेबांनी तिच्या नावाचा बाक बसवला, फीत कापून. बाकावर तिच्या नावाहून सिमेंट कंपनीचं नाव मोठं आहे. साडूने नोकरी सोडली, पण जुना मुख्य माळी अजून तिथे आहे, तो मधून मधून फोन करतो.

भुयारावर आता जाड पत्र्याचं नवं झाकण आहे. त्याला नवं कुलूप, किल्लीशिवाय न लागणारं आणि न उघडणारं. किल्ली एकच, ती रोज रात्री साहेबांबरोबर घरी जाते. सकाळी माळी येतो, तर कुलूप उघडं, शेजारी फरशीवर ठेवलेलं. फोडलेलं नाही. ओरखडा नाही. आठ बदलली. परवा नववं लावलं.

काल सकाळी माळ्याचा फोन आला होता. नववंही उघडं होतं. आणि पहिलं कुलूप कोणी दाबलं, ते त्या नऊ जणांपैकी अजून कोणी सांगितलेलं नाही.