स्क्रूवरची गाठ

शवागारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ओकोकोनचा दिवस टाकीतलं पाणी काढण्यापासून सुरू व्हायचा. कलाबार बंदराची हवाच अशी की कोरडं लोखंडही सकाळी पाझरतं. डिझेलची टाकी जरा रिकामी राहिली की आतल्या मोकळ्या जागेला घाम फुटतो, तो घाम डिझेलखाली जाऊन बसतो, आणि इंजिनाच्या नरड्यात गेला की संपलं. म्हणून आधी खालचा कॉक सैल करून बाटलीत धार धरायची. पाणी संपून नुसतं पिवळं डिझेल यायला लागलं की कॉक बंद. मग जाळीतल्या पाली झटकायच्या, तारांच्या टोकांवरचा हिरवा कळंक खरवडायचा आणि किल्ली फिरवायची. गावातली वीज मनात आलं तर यायची, त्यामुळे भिंतीपलीकडची थंड खोली या एका जनरेटरच्या जिवावर होती.

त्या थंड खोलीत ओकोकोनची आई होती.

आतिमबाई गेली तेव्हा उन्हाळा होता. आता पाऊस बसला होता, तरी थोरल्या भावाचं, आर्चिबॉंगचं, काही ठरत नव्हतं. गावाकडच्या घरावर आधी मजला चढायला हवा होता. मग रंग. मग साऱ्या भाऊबंदांना एकाच छापाचं कापड. आईला पुरायचं तर लोकांनी वर्षभर नाव काढलं पाहिजे, असं तो म्हणायचा. ओकोकोन ऐकून घ्यायचा आणि पाना हातात घेऊन शेडमध्ये जायचा. जिने त्याला वाढवलं, तिला तो रोज स्वतःच्या हातांनी गोठवत होता. 

तिच्या शेजारच्या खणात इक्वो होती, बायकांचे केस विंचरून देणारी तरणी पोर. तिचा ठरलेला नवरा जहाजावर होता, तो यायचा होता. लग्नासाठी तिने स्वतः शिवलेला पांढऱ्या लेसचा झगा बापाने तिला घातला होता, बारीक निळ्या फुलांचा. बाप खाडीतून होडीने यायचा आणि एवढंच विचारायचा, "इंजिन चालतंय ना, मिस्त्री?"

त्या दिवशी सकाळी आर्चिबॉंग आला. नाकाला रुमाल लावून शेडच्या दारातच उभा राहिला.

"फरशीचा रंग चुकीचा आला. परत पाठवली. आता नाताळानंतर बघू."

"दादा, आई आहे ती. बर्फातला मासा नाही."

"तुझं काम इंजिन बघायचं. ते बघ," आर्चिबॉंग म्हणाला आणि पुढच्या दाराने मॅनेजरच्या खोलीत जाऊन बसला.

ओकोकोनने इंजिन बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हात पुढे केला आणि टाकीकडून येणारा डिझेलचा कॉक बंद केला.

हिशेब सरळ होता. नळीतलं डिझेल संपलं की इंजिन मरणार. खोली तापणार. संध्याकाळपर्यंत दादाच्या रुमालातून वास आत शिरणार आणि उद्या तो स्वतः पाद्र्याच्या दारात उभा राहणार. इक्वोची आठवण त्याला झाली नाही असं नाही. झाली, आणि त्याने ती बाजूला सारली.

शवागाराच्या दारात न्सा बसला होता, मढ्यांची ने-आण करणारा म्हातारा. ओकोकोनचं तोंड बघून म्हणाला, "काय मिस्त्री, आज तुझंच पाणी उकळतंय वाटतं." ओकोकोनने चालू करायची किल्ली काढून खिशात घातली आणि तो रस्ता ओलांडून खानावळीत गेला. कसाव्याच्या पिठाची गारी आणि अफांगच्या पाल्याची भाजी पुढे आली तेवढ्यात पलीकडे इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मेलं.

त्याने पहिला घास घेतला. तो बरा लागला.

एकदा नळीत हवा शिरली की नुसता कॉक उघडून भागत नाही. एकाने हातपंप दाबायचा, दुसऱ्याने फिल्टरवरचा स्क्रू ढिला धरायचा. आधी फेस येतो, मग स्वच्छ धार, मग स्क्रू आवळायचा. दोन माणसांचं काम. ओकोकोनने धंदा नवा सुरू केला तेव्हा दुसरं माणूस त्याची आई होती. धुरात भाजलेली मासळी विकून आली की टोपली खाली ठेवून अंगठ्याने पंप दाबत बसायची. डिझेल ठिबकून एकदा तो घसरून पडला, तेव्हापासून काम झालं की ती स्क्रूला चिंधी बांधायची. दोन वेढे आणि शेपूट आत खोचलेलं, कमरेला कापड खोचतात तसं. पोराकडूनही तिने ती गाठ घटवून घेतली होती.

ताटातली भाजी निवली असेल नसेल. पलीकडे इंजिन चालू झालं.

न अडखळता. छान एकसारखं.

ओकोकोनने खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती.

तो धावत आला. न्सा तसाच बसून शेंगदाणे सोलत होता. चालू कोणी केलं, असं विचारल्यावर तो चिडला. "मला काय विचारतोस? तू गेल्यापासून मागे कुत्रं फिरकलं नाही. आणि मी त्या यंत्राला हात लावत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे."

शेडमध्ये कॉक उघडा होता. स्क्रू घट्ट होता. स्क्रूला चिंधी बांधलेली होती, निळ्यावर पिवळे मासे असलेल्या कापडाची. दोन वेढे, शेपूट आत.

ते कापड आईला इथे आणलं त्या दिवशी तिच्या कमरेला होतं.

ओकोकोनच्या डोक्यात एकच गोष्ट आली. दादाकडे दुसरी किल्ली आहे, आणि त्याने डिवचायला आईचं कापड फाडलं आहे. मॅनेजरच्या खोलीत शिरून त्याने भावाची गचांडी धरली. पण धरलेल्या हाताला अत्तराचा वास लागला. आर्चिबॉंगची नखं पांढरीशुभ्र होती. त्या बोटांना स्क्रू कुठे असतो हेही माहीत नव्हतं.

"चल," ओकोकोन म्हणाला. "तिलाच बघू."

न्साने खण ओढला.

कापडाची कड फाटलेली होती.

हात पोटावर होते, ठेवले होते तसेच. नखांत काळं भरलं होतं. उजव्या अंगठ्यावर पंपाच्या बटणाएवढा गोल वळ होता.

 भिंतीपलीकडे इंजिन चालत राहिलं.

आर्चिबॉंगने रुमाल खाली घेतला. वाकला. आईचा तळवा हुंगला. बऱ्याच वेळाने सरळ झाला.

"शनिवारी पुरू," तो म्हणाला.

फरशी नसलेल्या घरातून तिला नेलं. अंघोळ घालणाऱ्या बायकांनी साबण संपवला तरी नखांतलं काळं निघालं नाही, तेव्हा त्यांनी पांढरे हातमोजे चढवले. ती चिंधी ओकोकोनने स्वतः शवपेटीत ठेवली.

पुरून झाल्यावर तो कामावर परतला तेव्हा न्सा दारात उभा होता. मालकाने टाकी भरायला उशीर केला आणि काल इंजिन बंद पडलं, असं त्याने सांगितलं. शेवटी मालकानेच शिव्या घालत डिझेल ओतलं. "पण बरं झालं तू लगेच आलास. निम्मे शेंगदाणे सोलून व्हायच्या आत चालू केलंस."

"मी आता येतोय," ओकोकोन म्हणाला.

तो मागे गेला. इंजिन चालू होतं. जमिनीवर डिझेलचे थेंब पडले होते, स्क्रू नीट आवळला गेला नव्हता. त्याला चिंधी बांधलेली होती. पांढरी लेस, बारीक निळ्या फुलांची.

दोन वेढे होते. शेपूट आत खोचायचं राहून गेलं होतं. नवीन असताना ओकोकोनचंही तेच राहायचं.